चिखलातली रांगोळी

२३ मे २०२४, बुद्धपौर्णिमा

सुट्टी लागली की पेणहून गावी यायचं आणि पहिल्याच दिवशी बाहेरकाठ्यावर जायचं, हा रिवाज बाबा असल्यापासूनचा. बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या अंगाचा मोठा मातीचा बांध. एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला आमची खार. निदान मी लहान असताना तरी असं सांगता यायचं. नऊ वर्षांपूर्वी एका उधाणात बांधाला खांड पडली, ती बुजली नाही आणि आता दोन्ही बाजूंना खाडीच आहे. आमच्या दोन एकरांत भाताऐवजी चिखल आहे आणि चिखलात तिवरं.

निघताना घरातल्या थोरल्या आप्पांनी विचारलं, "आज तिथ कंची?" पौर्णिमा म्हटल्यावर त्यांनी पाऊणकी म्हटली, "पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती लागंल. बारापर्यंत थांब, मंग पानी फिरंल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वहीत पाऊणकी आता कुणी घोकत नाही, पण खारेपाटात, म्हणजे आमच्या या खारजमिनींच्या पट्ट्यात, ती अजून पोट भरते.

बाराला दहा मिनिटं असताना पाणी थबकलं. मी बांधावर उभी होते. बाहेर तिवरांच्या बुंध्यांशी जेमतेम घोटाभर पाणी. खांडीतून आत गेलेलं तेच पाणी आमच्या शेतात मात्र मांडीला लागेल एवढं. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच, तेव्हा फरक खालच्या जमिनीत. बाहेरची उंच, आतली खोल.

हे मी कित्येक वर्षं बघते आहे, पण दिसलं आज. आत ती जमीन आणि बाहेर ती खाडी, असंच आम्ही धरून चाललो. मग जमीन खाडीपेक्षा खोल कशी?

३१ मे, वैशाख वद्य अष्टमी

भांग. चंद्र अर्धा झाला की पाण्याचा जोर उतरतो. भरती फार चढत नाही, ओहोटी फार ओसरत नाही आणि वरच्या अंगाचा चिखल चार-पाच दिवस उघडा राहतो. रांगोळी घालायला हाच मुहूर्त.

युक्ती माझी नाही. चिखल मोजणारे लोक बऱ्याच देशांत हेच करतात. पृष्ठभागावर पांढऱ्या दगडाची पूड पसरायची, काही महिन्यांनी तिथेच काप घ्यायचा आणि पांढऱ्या रेघेवर किती गाळ चढला ते पट्टीने मोजायचं. ते फेल्डस्पारची पूड वापरतात. मी पेणच्या बाजारातून शिरगोळ्याची रांगोळी आणली, पाच किलो. दुकानदाराने विचारलं, "बाई, घरी लग्न काय?"

तीन चौकोन घातले, प्रत्येक हातभर लांबी-रुंदीचा. पहिला बांधाबाहेर तिवरांच्या सावलीत. दुसरा खांडीच्या तोंडाशी, आतल्या अंगाला. तिसरा आमच्या शेताच्या पार मागच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी मळणी व्हायची. चारही कोपऱ्यांवर बांबूच्या काड्या खोचल्या.

चिखलात चालायची रीत असते. थांबायचं नाही, थांबलं की गुडघ्यापर्यंत रुतलंच. आणि पाय उपसताना आधी टाच सोडवायची. पुढ्यात निवट्या टणाटण उड्या मारत बिळात शिरत होत्या. वाकून बघितलं तर चिखल चिखलाच्या रंगाचा नव्हताच. उन्हात त्यावर सोनेरी-तपकिरी साय धरली होती. ती साय जिवंत असते. डायाटम नावाचे काचेच्या कवचाचे एकपेशीय जीव ओहोटीला उन्हासाठी वर येतात आणि भरतीच्या आधी पुन्हा खाली दडतात. सरकताना ते चिकट द्रव सोडतात आणि त्यात मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. बोटाने साय खरवडली तर खाली राखाडी आणि त्याच्या खाली काजळीसारखा काळा चिखल, सडक्या अंड्याच्या वासाचा. वरचा बोटभर थर श्वास घेणारा. त्याखाली प्राणवायू संपतो आणि समुद्राच्या पाण्यातल्या गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं.

आप्पा बांधावरून ओरडले, "बाय, चिकलान रांगोली घालतंस? लोकां काय बोलतीन?"

१० जून

काल पाऊस मुंबईत पोचला, आमच्याकडेही रात्रभर झोडपलं. सकाळी नऊच्या ओहोटीला गेले.

भरतीत पडलेला पाऊस चिखलाला काही करत नाही, वर पाण्याची गादी असते. ओहोटीत पडलेला मात्र थेट अंगावर येतो. डायाटमची साय फाटली होती. प्रत्येक थेंबाने खळगा पाडलेला, खळग्यांतून बारीक ओघळ आणि ओघळांतून गढूळ पाणी खांडीकडे. गेले दहा दिवस जमवलेलं एका रात्रीत थोडं खर्ची पडलं. चौकोनांवर अमावास्येच्या उधाणाने आधीच पातळ गिलावा चढवला होता म्हणून रांगोळी वाचली. तिसऱ्या चौकोनाचा मात्र एक कोपरा उघडा पडला, पांढरा.

वर्गात मी 'गाळाचे संचयन' असा एका ओळीचा मुद्दा लिहून देते. जणू गाळ येतो आणि बसतो. इथे तो येतो, बसतो, उठतो, पुन्हा बसतो. दिवसातून दोनदा जमा आणि दोनदा नावे, आणि वर्षाअखेर जी शिल्लक उरेल ती जमीन.

२२ जुलै, गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस

काल मुलींनी फुलं आणली, मी त्यांना चिखल दाखवला. अंबा नदीचं तांबडं पाणी बादलीत भरून आणलं होतं. दोन काचेच्या पेल्यांत सारखं ओतलं आणि एकात चमचाभर मीठ ढवळलं. तासाभराने बिनमिठाच्या पेल्यात चहा तसाच होता. मिठाच्या पेल्यात वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाशी बोटभर साका. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "बाई, तुरटीसारखं झालं!"

तिने माझं अर्धं काम केलं. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार. गोड्या पाण्यात ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातले क्षार तो भार झाकून टाकतात, मग कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि वजनाने खाली जातात. विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवून आपण जे करतो, तेच खाडी मिठाने करते.

फळ्यावर गणित मांडलं. दोन मायक्रॉनचा एकटा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला तीनएक दिवस घेतो. भरती फिरताना पाणी थबकतं ते अर्धा तासभर. म्हणजे एकट्याने तो कण खाडीत कधीच बसायचा नाही. गुठळीत शिरला तरच त्याला तळ दिसतो. सह्याद्रीतून सुटलेली माती समुद्रात थेट वाहून न जाता खाडीच्या कुशीत थांबते, त्याचं निम्मं कारण त्या चमचाभर मिठात आहे.

दुसरं निम्मं कारण लाटांपासूनचा आडोसा. अलिबागच्या किनाऱ्यावर लाट माती टिकू देत नाही, तिथे फक्त वाळू उरते. खाडीत आत शिरत जावं तसं पाणी मंदावत जातं आणि बारीक माल पदरात पडतो. वाळू, रेतीमिश्रित गाळ, मग लोण्यासारखा चिखल. पायाला कळतं, चाचणी लागत नाही.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आप्पांनी खाडीला नारळ दिला. बांध फुटला त्या वर्षी त्यांनी दिला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा दिला. विचारलं तर म्हणाले, "रागावून कोनाला सांगनार?"

पाण्यावर तिवराच्या बिया तरंगत होत्या, हिरवट पोपटी, बदामाएवढ्या. तिवराचं बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजायला लागतं. पावसाळ्यात गळतं तेव्हा ते बी कमी आणि रोप जास्त असतं. साल सोडून देतं, घडी घातलेली दोन जाड पानं उलगडतं आणि कुठे टेकायला मिळतंय ते शोधत फिरतं. हजारो बिया खांडीतून आत चालल्या होत्या.

घरापुढच्या तळ्यातला जिताडाही याच वाटेने येतो. तो अंडी घालतो खाऱ्या पाण्यात, पिल्लं भरतीबरोबर खाड्यांत, खाजणात शिरतात. पूर्वी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, शेताच्या नाळेतून ती आत येत, आम्ही ती धरून तळ्यात सोडायचो आणि जावई आला की काढायचो. तेव्हा बांध धड असतानाही खाडीचं काहीतरी आत घ्यायचं शहाणपण होतंच. फक्त मासा घेतला, गाळ घेतला नाही.

हे वाक्य लिहून थांबले. मेमधल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच आहे. डिसेंबरात नळी लावून मोजून बघायचं.

२६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी

पुन्हा भांग. नारळी पौर्णिमेच्या उधाणाने जिथवर बिया फेकल्या, तिथे आता चार दिवस भरती पोचलेली नाही. दुसऱ्या चौकोनापलीकडे एका पट्ट्यात रोपांची रांगच लागली आहे, जशी काही रहू टाकली. आमच्या खारीत भाताची लावणी नसायची, मोड आलेलं बी चिखलात फोकायचं, त्याला रहू म्हणतात. तिवरं तेच करतात, फक्त फोकणारा हात पाण्याचा.

एक रोप हलक्या हाताने उपटलं. मूळ दोन पेरं खोल गेलं होतं. शेजारच्या, हातभर खालच्या चिखलातल्या रोपांना अर्ध्या पेराचंही मूळ नव्हतं. त्यांना रोज दोनदा पाणी उचलतं, मूळ धरायला उसंतच मिळत नाही. म्हणजे तिवर कुठे उगवणार हे केवळ बी ठरवत नाही. चिखल किती उंच आला, भांगाचे किती दिवस कोरडे मिळाले, यावर ते ठरतं. आधी चिखलाने वर यायचं, मग झाडाने पाय रोवायचे.

आणि झाडाने पाय रोवले की उलटी उपकारफेड सुरू. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. एका झाडाभोवती शेकडो. त्यांतून पाणी गाळणीतून गेल्यासारखं जातं, मंद होतं आणि गाळ टाकतं. चिखलाने झाडाला उभं केलं, झाड चिखल वाढवतं.

मात्र ही वाढ वाट्टेल तितकी होत नाही. जमीन खोल तोवर भरती रोज येते, रोज गाळ देते. ती जसजशी वर येते तसं पाणी कमी वेळा चढतं आणि गाळही कमी मिळतो. शेवटी एक उंची अशी येते की फक्त मोठ्या उधाणाला पाय ओले होतात. तिथे तिवरं खुरटतात आणि घोळीसारख्या जाड पानांच्या, चावल्या तर खारट लागणाऱ्या वनस्पती, आखूड खारं गवत, मधेच मिठाने पांढरा पडलेला उघडा पट्टा असं दिसायला लागतं. युरोपात थंडीमुळे तिवरं नाहीत, तिथे अख्खं खाजण असल्याच झुडपांचं आणि गवताचं असतं. आपल्याकडे त्यांच्या वाट्याला फक्त माजघर आलंय, ओसरी तिवरांनी धरली आहे.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी बाबांचं पान ठेवलं. वडे-खीर केळीच्या पानावर, बांधाशी. कावळ्याआधी चिंबोरी आली. आप्पा हसले, "तुजा बापूस खारीचाच व्हता."

दुपारी ग्रामसभा. विषय दरवर्षीचाच: बाहेरकाठ्याची दुरुस्ती. कार्यालयातून उत्तर आलं आहे की अंदाजपत्रक वर गेलंय. ते नऊ वर्षांत तीनदा वर गेलं, खाली एकदाही आलं नाही. निवेदनावर सगळ्या सातबारावाल्यांच्या सह्या घ्यायच्या ठरल्या. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी म्हटलं, जानेवारीत करते. सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्यांचं चुकत नाही. ही जमीन कुणी आयती दिलेली नव्हती. खाजणाला बांध घालून, आतलं मीठ पावसाने दोन-तीन वर्षं धुऊन काढून, काळा राता, भुरा राता असली खारं पाणी सोसणारी भातं पेरून ती मिळवलेली. बांधाची देखभाल गावकी जोळ करून करायची. खांड दिसली की हाक मारायची, घरटी माणूस फावडं घेऊन हजर. मग आले खोत. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, चरी आणि आजूबाजूच्या गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाकारली. नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिलेले ते शेतकरी याच खारेपाटातले. आमचे आजोबा त्यांत होते, लाकडाच्या मोळ्या विकून त्यांनी घर चालवलं. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा, बांध सरकारच्या अखत्यारीत गेले आणि जोळ सुटला. हाक मारायची ती कुणाला, हे त्यानंतर कुणालाच नीट कळलेलं नाही.

आता पेच वेगळाच. खांड पडली की दोन-चार वर्षांत शेतात तिवरं उभी राहतात आणि तिवरं तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनाच्या तोडीला मनाई केली. मुंबईत ज्या तऱ्हेने खाजणं भरून इमारती उठल्या, ते बघता आणखी काय करायला हवं होतं? पण सातबारावर भात आणि जागेवर जंगल, असा शेतकरी त्या निकालापुढे उभा राहतो तेव्हा दोघंही खरे असतात. सभेत एकजण म्हणाला, "शेत आमचा आनि झाडां सरकारची." कुणी हसलं नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

चुलतभावाने मोबाइलवर खारीचं उपग्रहचित्र काढून दिलं. खांडीपासून आत ओहोळ फुटले आहेत. एक मोठा, त्याचे चार, चारांचे वीस, शेवटचे रेघेएवढे. नांगराच्या जुन्या सरळ ताशी आणि बांधांच्या चौकटी त्यांनी अर्ध्या पुसल्या, अर्ध्या वापरल्या. पाण्याला आपली वाट नऊ वर्षांत आखता आली.

संध्याकाळी ओहोटीला त्या मोठ्या ओहोळाच्या काठाने चालले. काठावर पाय कमी रुततो. पाणी ओहोळातून वर चढून पसरतं तेव्हा पहिल्याच पावलाला दमतं, जड रेतीचे कण तिथेच टाकतं आणि मऊ गाळ तेवढा आत नेतं. म्हणून काठ उंच आणि घट्ट, मागचा भाग खोलगट आणि लिबलिबीत. तुतवारांचा थवाही काठ सोडून लिबलिबीत जागीच उतरला होता. चोच तिथे जाते.

अख्खी खाडीच अशी कुणीतरी पुसून पुन्हा लिहिलेली पाटी आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणातल्या नद्या खोल दऱ्यांतून दूरच्या किनाऱ्याकडे वाहत होत्या. बर्फ वितळलं, समुद्र चढत आला, दऱ्या बुडाल्या, त्याच आपल्या खाड्या. सहा-सात हजार वर्षांपूर्वी चढण्याचा वेग मंदावला, तेव्हा कुठे गाळाला पाण्याशी बरोबरी साधता आली. आपली खाजणं तेवढीच जुनी. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडं सापडली होती, काही मुळांवर उभी. खैर काही खाऱ्या पाण्यातलं झाड नव्हे. ती कोरड्या रानातली जागा खाली गेली आणि चिखलाने झाकली गेली.

२२ डिसेंबर, मार्गशीर्ष वद्य सप्तमी

गवंड्याची पारदर्शक नळी मागून आणली. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांची पातळी एक होते. ओटा समतल करायला वापरतात ती. एक टोक भावाने बाहेरच्या तिवरांत धरलं, दुसरं मी आत. सहा ठिकाणी मोजलं. बाहेरचा चिखल आतल्यापेक्षा कुठे सव्वा फूट उंच, कुठे पावणेदोन. सरासरी दीड फूट धरू.

आता मेमधल्या प्रश्नाचं उत्तर लिहून टाकते. बांध घातला त्या दिवशी आत-बाहेर एकच चिखल होता. त्यानंतर बाहेरच्याला रोज दोनदा वाढलेलं ताट मिळत राहिलं, आतल्याचं ताट आपण उचललं. शिवाय आतली माती वाळवली. वाळली तशी ती आवळली, तिच्यातली कुजकी मुळं-पानं हवा लागून विरून गेली, जमीन आणखी बसली. बाहेर समुद्र इंच इंच चढत होता आणि चिखल त्याच्याबरोबर चढत होता. जमीन आम्ही वाचवली, पण ज्या दिवशी वाचवली त्या दिवसाच्या उंचीवर तिला खिळवून ठेवली. मग बांध दर पिढीला थोडा उंच करावा लागला. जितका उंच, तितकी फुटल्यावर नासधूस मोठी.

हे फक्त आपलं दुखणं नाही. बांगलादेशात सुंदरबनालगत १९६० च्या दशकात बेटांना बांध घातले. पन्नासएक वर्षांत त्यांतल्या एका बेटाची जमीन शेजारच्या मोकळ्या जंगलापेक्षा एक ते दीड मीटर खोल गेल्याचं मोजलं गेलं. २००९ च्या मे महिन्यात आयला वादळाने तिथले बांध फोडले. लोकांचे हाल झालेच, पण बांध बुजेपर्यंतच्या दोनेक वर्षांत बुडालेल्या शेतांवर फुटाहून अधिक गाळ चढला. जेसोर-खुलनाकडे तर शेतकऱ्यांनीच १९९७ मध्ये एका बिलाचा बांध मुद्दाम कापला, काही वर्षं भरतीला आत येऊ दिलं, जमीन वर आणली आणि मग पुन्हा बुजवला. बील म्हणजे तिथली खोलगट पाणथळ. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आणि आमच्या अंबेचा गाळ यांची तुलना नाही. तत्त्व मात्र तेच.

आणि घाई आहे. जगभरचा समुद्र १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटर वर आला, पण अलीकडे तो वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटरने चढतो आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या उंचीची नोंद होते. बांध बांधणाऱ्या आमच्या पूर्वजांना असा चढता समुद्र हिशेबात धरायची गरज पडली नव्हती.

७ जानेवारी २०२५, पौष शुद्ध अष्टमी

सात महिने झाले. भांग होता, चिखल घट्ट. आज काप घेतला.

दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा दोन्हीकडून कापून नळकांडं केलं होतं. ते चौकोनात दाबायचं, बाजूने खुरपं घालून उचलायचं आणि सुरीने केकसारखं उभं चिरायचं. आप्पा या वेळी बांधावर थांबले नाहीत. ब्याऐंशी वर्षांचा माणूस लुंगी खोचून चिखलात उतरला, माझ्यापेक्षा सफाईने.

पहिला, बाहेरचा: पांढरी रेघ लगेच दिसली. वर चार मिलिमीटर गाळ. समुद्र वर्षाला साधारण जेवढा चढतो तेवढं हे तिवरांचं रान सात महिन्यांतच निमूट चढलंय.

दुसरा, खांडीच्या तोंडाशी: रेघ सापडेना. वाटलं वाहून गेली. आणखी खोल चिरलं. सव्वीस मिलिमीटर, बोटाच्या पेराहून जास्त. त्या पेरभर मातीतही आडवे पदर दिसत होते, पानांची चळत असावी तसे. तळाला तांबूस, तो पावसाळ्याचा. वर राखाडी, तो हिवाळ्याचा. मधून मधून खेकड्याच्या बिळाने पदर मोडलेले.

तिसरा, मागचा कोपरा: नऊ मिलिमीटर, आणि जूनच्या पावसाने उघडं पाडलेल्या कोपऱ्यात जेमतेम पाच. गाळ तोंडाशीच बराचसा वाढला जातो, मागच्या पंगतीला थोडं उरतं.

आप्पांनी दुसरा काप हातात घेतला. रेघेवरून नख फिरवलं. "ह्यो सगला सात महिन्यांचा?"

"हो."

"आनि भायेरच्या उंचीला यायला?"

मी केलेला हिशेब सांगितला. दीड फूट म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर. तोंडाशी वर्षाला चारेक सेंटीमीटर धरले तर अकरा वर्षं. पण वर येईल तसा वेग कमी होणार, म्हणून पंधरा-वीस म्हणू. मागच्या कोपऱ्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट, नाहीतर ओहोळ खणून गाळाचं पाणी तिथवर न्यायला हवं. आणि एका जागी, एका वर्षात घेतलेल्या कापावरचा हा हिशेब, तेव्हा तो अंदाजच.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी पन्नास वर्सां बांदाव माती टाकली. वायच आत टाकाला पायजे व्हती."

संध्याकाळी निवेदनाचा कागद पुन्हा वाचला आणि सही केली. गावाला बांध हवा आहे, घरं आणि विहिरी त्याच्या आत आहेत, त्याला नाही म्हणणारी मी कोण? फक्त सहीच्या वर दोन ओळी घातल्या: नवा बांध घालताना खांडीच्या जागी मोठी उघाडी ठेवावी, आणि भातासाठी बंद करण्याआधी काही वर्षं ती गाळाच्या पाण्याला उघडी ठेवावी. तिवरं आली आहेत ती राहू द्यावीत, बांधाच्या बाहेरच्या अंगाला तर ती हवीतच. लाट अंगावर घेणारा तो पहिला बांध. कार्यालयात हे कुणी वाचेल की नाही, ठाऊक नाही. सरपंचांनी वाचलं आणि विचारलं, "बाई, हे कुठे लिहिलंय?" मी डबा दाखवला.

रात्री निजताना आप्पांनी हाक मारली.

"बाय, ती रांगोली उरली काय?"

"किलोभर आहे. का?"

"उंद्या भांग हाय तवर मागच्या कोपऱ्यान अजून येक चौकोन घाल. तिथं ओहोल खनून बगतो मी. मंग मोजू."

पिशवी उंबऱ्याशी काढून ठेवली आहे. उद्या नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. पावणेसातला भरती, म्हणजे एकच्या सुमारास ओहोटी.